निवडणुकीतला पैसा आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात निवडणुकीच्या पैशावर कसले व्याख्यान, असे काही जणांना वाटले असेल. विषय समितीनेच दिला आणि आम्हाला तो पटला. निवडणूक लागली की प्रचाराची पहिली गाडी विहाराच्या पायरीशी येऊन थांबते. कोणी खुर्च्या देऊ करतो, कोणी लाऊडस्पीकरचा संच, कोणी समोरच्या मोकळ्या जागेत फरशी. तेव्हा हा विषय विहाराच्या बाहेरचा आहे असे म्हणायला जागा उरत नाही. आम्ही लातूरचे, पण सोयरीक नांदेडात. दोन्हीकडच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या आहेत. अमक्याला मत द्या, तमक्याला देऊ नका, हे सांगायला आम्ही आलेलो नाही. व्यासपीठावर आणि समोरही सगळ्या पक्षांची माणसे बसलेली आहेत, हे आम्हाला दिसते आहे.

प्रश्न साधा आहे. पैशाने निवडणूक जिंकता येते काय? आपल्या वस्तीत याची दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणते, "पैशाबिगर काही होत नाही, बाकी सगळं बोलायचं." दुसरे म्हणते, "पैसा सगळ्यांचा घ्या, मत आपल्याला पाहिजे त्यालाच टाका." दोन्ही उत्तरे अर्धी खरी आहेत आणि दोन्हींमुळे आपण फसतो. ते कसे, ते सांगण्याचा प्रयत्न करतो.

आधी आपल्याच दोन जिल्ह्यांचा इतिहास बघा. १९५७ साली नांदेडातून लोकसभेवर दोन खासदार निवडून जायचे. त्यातले एक होते हरिहरराव सोनुले, बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे. धर्मांतर होऊन वर्ष झाले नव्हते, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन काही महिने झाले होते, आणि त्या पक्षाजवळ साखर कारखाना नव्हता, बँक नव्हती. भाकरी फडक्यात बांधून गावोगाव फिरणारे कार्यकर्ते होते, एवढेच भांडवल. संयुक्त महाराष्ट्राची हवा होती आणि दोन जागांचा मतदारसंघ होता, हेही खरे. तरीपण पैसा नव्हता आणि जागा आली, हे कोणाला नाकारता येणार नाही.

पुढे १९८७ च्या पोटनिवडणुकीत नांदेडला अशोकराव चव्हाणांसमोर बाळासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि पडले. दोनच वर्षांनी, १९८९ साली, त्याच अशोकरावांना जनता दलाचे डॉ. व्यंकटेश काब्दे यांनी हरवले. लातूरला १९९५ च्या विधानसभेत विलासराव देशमुखांचा पराभव जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांनी केला. आणि २००४ मध्ये, ओळीने सात वेळा निवडून आलेले शिवराज पाटील चाकूरकर भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकरांकडून पडले. या मोठ्या घराण्यांजवळ त्या वर्षी अचानक पैसा कमी पडला होता काय? तसे कोणी म्हणणार नाही. लोकांच्या मनात आले की पैसेवाला पडतो. आपल्याकडे तो अनेकदा पडलेला आहे.

मग उमेदवार एवढा पैसा ओततात तरी कशाला? सिमॉन शोशार्ड नावाच्या एका अभ्यासकाने मुंबईतल्या निवडणुकांमधला प्रचार जवळून पाहिला आणि त्यावर २०१८ साली लेख लिहिला. त्याला असे दिसले की पैसे आणि वस्तू वाटणाऱ्या उमेदवारांचाच त्यावर फारसा विश्वास नसतो. वाटल्याने मत येईल याची खात्री नसते. समोरचा वाटतो आहे आणि आपण वाटले नाही तर शर्यतीतूनच बाहेर पडू, या भीतीने ते वाटत राहतात. आपल्या वस्तीतल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाने हे न शिकता सांगितले असते, ती गोष्ट वेगळी.

अमेरिकेत तर यावर रकानेच्या रकाने छापून येतात. तिथले स्टीव्हन लेव्हिट नावाचे अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी १९९४ साली एक युक्ती केली. तेच दोन उमेदवार एकमेकांसमोर पुन्हा पुन्हा उभे राहिले, अशा लढती त्यांनी निवडल्या. माणसे तीच, मग खर्च कमीजास्त झाल्याने मते किती हलतात? फारच थोडी हलली. त्यांचे म्हणणे असे की जिंकणाऱ्याजवळ पैसा दिसतो याचे मोठे कारण म्हणजे जिंकेल असे वाटते त्याच्याकडेच देणगीदार धावतात. पैशामागे विजय चालतो की विजयामागे पैसा, हे आपण उलटे वाचतो. २०२० साली मायकेल ब्लूमबर्ग नावाच्या अब्जाधीशाने राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी शंभर कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला आणि जिंकले काय, तर अमेरिकन सामोआ नावाची टिकलीएवढी बेटे.

हे ऐकून कोणी म्हणेल, चला, पैसा चालत नाही, चिंता मिटली. तसे नाही. पैसा चालतो, पण आपण बघतो तिथे त्याचे खरे काम होत नाही. आपण बघतो मतदानाच्या आदल्या रात्रीचे लक्ष्मीदर्शन. त्याचे खरे काम आधीच होऊन गेलेले असते.

भोकरचे उदाहरण घेऊ. ते नांदेड जिल्ह्यातलेच आहे आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहे. १३ ऑक्टोबर २००९ ला विधानसभेचे मतदान होते. मुख्यमंत्री अशोकराव चव्हाण भोकरमधून उभे होते. मतदानाच्या आधीच्या दिवसांत मराठी वर्तमानपत्रांतून 'अशोक पर्व' या नावाने पानेच्या पाने आली. कुठेही 'जाहिरात' असे लिहिलेले नव्हते, सगळे बातमीसारखे. पी. साईनाथ यांनी ती पाने गोळा केली तर पूर्ण पानेच ४७ भरली. त्यांना असेही आढळले की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन वर्तमानपत्रांत एकच मजकूर शब्दाला शब्द छापला गेला होता. तेव्हा विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा होती १० लाख रुपये. चव्हाणांनी निवडणूक आयोगाला दिलेल्या हिशेबात एकूण खर्च ७ लाखांच्या आत होता आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये.

पडलेले उमेदवार डॉ. माधवराव किन्हाळकर यांनी तक्रार केली. चव्हाणांचे म्हणणे होते की तो मजकूर वर्तमानपत्रांनी आपणहून छापला, आपण पैसे दिले नाहीत. आयोगाला हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आहे की नाही यावरच काही वर्षे भांडण चालले. ५ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अधिकार आहे. आयोगाने जुलैमध्ये चव्हाणांच्या विरुद्ध आदेश काढून नोटीस दिली आणि १२ सप्टेंबर २०१४ ला दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. म्हणजे चव्हाणांवर दोष ठरला नाही, हे आपण स्पष्ट ध्यानात ठेवले पाहिजे. पण खर्चाचा कागद कोरा करून देता येत नाही, तो तपासला जाऊ शकतो, हा निकाल आपल्या जिल्ह्यातल्या तक्रारीमुळे देशाला मिळाला. याचे मोल आपण नांदेडकरांनीच पुरते ओळखलेले नाही.

आता आमचा मुद्दा. त्या निवडणुकीत चव्हाण लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. ती पाने आली नसती तर ते पडले असते काय? मुळीच नाही. मग त्या पानांनी काय केले? वर्तमानपत्र उघडणाऱ्याला त्या मतदारसंघात दुसरा कोणी उभा आहे हेच जवळजवळ दिसले नाही. पैसा दिला असो वा नसो, जागा सगळी एकाच माणसाने भरलेली होती. दुसऱ्याचा चेहरा, दुसऱ्याचा प्रश्न, दुसऱ्याने विचारलेला हिशेब वाचकापर्यंत जाण्याआधीच रस्ता संपला. आमच्या मते मोठा पैसा हे काम करतो. तुमचे एक मत विकत घेण्यापेक्षा तुमच्यासमोर कोण येणार हे तो आधीच ठरवून टाकतो.

तिकिटाचे बघा ना. विधानसभेला खर्चाची कायदेशीर मर्यादा २०१४ मध्ये २८ लाख होती, २०२२ पासून ४० लाख आहे. लोकसभेला ९५ लाख. ही झाली उमेदवाराची मर्यादा. पक्षाने स्वतःच्या नावाने करायच्या खर्चाला मर्यादाच नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या खात्यात धरावा असा निकाल दिला होता. तो थोड्याच दिवसांत कायदा बदलून निष्प्रभ करण्यात आला. त्यावेळचे सत्ताधारी आणि आजचे, या बाबतीत सगळे एका मापाचे. २०१८ साली आलेले निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ ला न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, तोवर कोणी कोणाला किती दिले हे मतदाराला कळायची सोय नव्हती.

अशा व्यवस्थेत पक्ष इच्छुकाला पहिला प्रश्न विचारतो, "किती लावू शकता?" २००९ च्या लोकसभेत निवडून आलेल्यांपैकी ५८ टक्के कोट्यधीश होते. २०२४ मध्ये ५४३ पैकी ५०४, म्हणजे ९३ टक्के. उमेदवारांच्या स्वतःच्याच शपथपत्रांवरून असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने काढलेले हे आकडे आहेत. पंधरा वर्षांत मतदार काही एवढे बदलले नाहीत. उमेदवारीच्या दारातली चाळणी बदलली.

आता राखीव जागांकडे या. लातूर लोकसभा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. देगलूर आणि उदगीर विधानसभा राखीव आहेत. आपला माणूस उभा राहतो, निवडूनही येतो. पण ९५ लाख त्याने आणायचे कुठून? अनामत रक्कम तर साडेबारा हजारच आहे, ती वर्गणीतून होईल. गाड्या, मंडप, बूथ खर्च, जेवणावळी यांचा पैसा कोणीतरी दुसराच लावतो. आणि जो लावतो त्याचा फोन आला की निवडून आलेला उठून उभा राहतो. आम्ही कोणा एकाचे नाव घेत नाही, कारण हा कोणा एकाचा दोष नाही. राखीव जागेने उमेदवाराची जात ठरवली, त्याचा सावकार ठरवला नाही. बाबासाहेबांची धास्ती काय होती हे ज्यांनी पुणे कराराच्या वेळचे वाचले आहे त्यांना आम्ही वेगळे सांगायला नको.

आणखी एक पैसा आहे. तो वर्षभर चालतो म्हणून निवडणुकीचा वाटत नाही. आमच्या लातूर भागात उसाला तोड कधी मिळणार, लेकराला शाळा-कॉलेजात प्रवेश किंवा शिपायाची नोकरी कोणामुळे, जिल्हा बँकेचे कर्ज कोणाच्या शब्दाने, या सगळ्यावर मताची वीण घातलेली असते. मतदानाच्या आदल्या रात्री येते ते फक्त शेवटचे पाकीट. ज्याने पाच वर्षे अडवून धरले त्याला पाकिटाची गरजही पडत नाही.

"पैसा सगळ्यांचा घ्या, मत मनाला येईल त्याला टाका" या उत्तराकडे वळतो. मत गुप्त आहे, म्हणून यात तोटा काय, असे आमच्या भगिनी विचारतात. तुमचे एकटीचे मत गुप्त आहे, बाई. बूथाचे मत गुप्त नाही. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता येत असत. मतदान यंत्र आल्यापासून प्रत्येक बूथवर कोणाला किती पडली याचा तक्ता निघतो. आपली वस्ती एका-दोन बूथांत बसते. निकालानंतर तो तक्ता पुढाऱ्याच्या टेबलावर असतो आणि मग नळाची लाईन कुठे जाणार हे ठरते. सगळ्या यंत्रांची मते एकत्र मोजणारे टोटलायझर नावाचे यंत्र वापरावे अशी सूचना निवडणूक आयोगाने २००८ मध्येच केली, विधी आयोगाने २०१५ मध्ये तिला पाठिंबा दिला. अजून ते आलेले नाही. का आले नाही, याचा विचार तुम्हीच करा.

आणि याच तक्त्यावर जगणारा एक माणूस प्रत्येक वस्तीत असतो. "माझ्याकडे अडीचशे मतं आहेत" म्हणून तो घाऊक भाव करतो. वर दोन लाख ठरतात, खाली घरटी पाचशे पोहोचतात, मधले कुठे गेले ते कोणी विचारत नाही. पाचशे रुपये घेणाऱ्या मोलकरणीला आम्ही दोष देणार नाही. दोन दिवसांची मजुरी आहे ती, आणि ती घेऊन तिने मत कोणाला दिले हे कोणालाच ठाऊक नाही. आमचा राग मधल्या माणसावर आहे. तो मत विकत नाही, मत त्याचे नसतेच. तो वस्तीची पत विकतो. पुढच्या पाच वर्षांत ड्रेनेजसाठी मोर्चा काढायचा म्हटले की समोरून उत्तर येते, "तुमचा हिशेब झालाय."

या हिशेबाचा डाग सगळ्यांना लागतो. २०१९ च्या लोकसभेला नांदेडमध्ये वंचित बहुजन आघाडीचे प्रा. यशपाल भिंगे यांना १ लाख ६६ हजारांच्या वर मते पडली. प्रतापराव पाटील चिखलीकरांनी अशोकरावांना हरवले ते सुमारे ४० हजारांनी. दुसऱ्या दिवसापासून आरोप सुरू झाले की हे मते खायलाच उभे होते. राजकीय हिशेब कोणी कसाही मांडावा. पण त्या लाखावर माणसांनी स्वतःच्या डोक्याने मत दिले असेल, ही शक्यता कोणाच्या तोंडी नव्हती. आपला माणूस स्वतंत्र उभा राहिला की "पैसे घेऊन उभा आहे" ही अफवा फुकटात पसरते. वस्तीतल्या घाऊक व्यापाराने त्या अफवेला खतपाणी मिळते. पैशापेक्षा पैशाची अफवा आपल्याला जास्त महागात पडलेली आहे.

अलीकडचे एक उदाहरण सांगतो. २० नोव्हेंबर २०२४ ला नांदेडकरांनी एकाच दिवशी दोन मते दिली, एक विधानसभेला आणि एक लोकसभेच्या पोटनिवडणुकीला. वसंतराव चव्हाणांच्या निधनाने ती जागा रिकामी झाली होती. आधीच्या काही महिन्यांत लाडक्या बहिणींच्या खात्यात दरमहा दीड हजारांप्रमाणे पाच हप्ते आले होते. ते कायद्याने लाच नाही, सरकारी योजना आहे, आणि गरीब बाईच्या हातात पैसा आला याचे आम्हाला दुःख नाही. मात्र सरकारी तिजोरीएवढी मोठी थैली कोणत्याच उमेदवाराजवळ नसते, एवढे लक्षात असू द्या. निकाल काय लागला? जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ विधानसभा महायुतीला. आणि लोकसभा काँग्रेसच्या रवींद्र चव्हाणांना, १,४५७ मतांनी. तीच रांग, तीच बोटाची शाई, वाटायचे ते सगळे वाटून झालेले, आणि हजारो लोकांनी दोन यंत्रांवर दोन वेगळी बटणे दाबली.

लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला याहून वेगळेच घडले. धीरज देशमुख १ लाख ३५ हजार मते घेऊन निवडून आले आणि दुसऱ्या क्रमांकावर कोणताही उमेदवार नव्हता, 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण होते. त्याला २७,५०० मते. त्या बटणाचा प्रचार करायला कोणी पक्ष फिरत नाही, त्याच्या नावाने कोणी जेवण घालत नाही. समोर ठेवलेला माणूस आपल्याला न विचारता ठरवला गेला, हा राग लोकांनी तिथे दाखवला. पाच वर्षांनी तिथेच भाजपच्या रमेश कराडांनी धीरजरावांना हरवले.

मग विहाराने काय करावे? समितीने आम्हाला हेच खास विचारले होते. आमदार निधी, खासदार निधी, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना, हा सगळा आपल्या करांचा पैसा आहे. तो ठराव करून, अर्ज करून, पोचपावती घेऊन मागावा आणि देणाऱ्याला हार घालू नये. आचारसंहिता लागल्यापासून निकालापर्यंत मात्र कोणत्याही उमेदवाराची वस्तू विहारात येऊ देऊ नये, खुर्ची असो की पंखा. विहाराची वर्गणी वहीत नावानिशी लिहिलेली असते, तीच वही वर्धापन दिनी सर्वांसमोर वाचावी. १९८८ साली अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत कांशीराम मताबरोबर एक नोटही मागत फिरले. ते पडले, पण पैसा कोणत्या दिशेने वाहिला पाहिजे हे त्यांनी दाखवले. आपला एखादा मुलगा उद्या नगरसेवकाला उभा राहणार असेल तर त्याच्यासाठी घरटी शंभर रुपये आधी आपण काढले पाहिजेत, म्हणजे त्याला दुसऱ्याच्या ओसरीवर जावे लागणार नाही.

आणि तरुणांसाठी एक काम. विधानसभा आणि लोकसभेचा निकाल लागल्यापासून तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराला, जिंकलेल्याला आणि पडलेल्यालाही, खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तो नांदेडला आणि लातूरला कलेक्टर कचेरीत असतो आणि कोणालाही पाहता येतो. नियमात त्याचे शुल्क एक रुपया लिहिलेले आहे, प्रत हवी असेल तर तिचे वेगळे. खुर्ची, मंडप, चहा, जेवणाचे ताट यांचे दर प्रशासनाने आधीच ठरवून दिलेले असतात. आपल्या गल्लीत किती मंडप पडले, किती ताटे उठली, किती गाड्या फिरल्या, हे प्रचाराच्या दिवसांत वहीत तारखेनिशी लिहून ठेवा, फोटो काढून ठेवा. मग चार जण मिळून कचेरीत जा, हिशेब मागा आणि आपल्या वहीशी ताडून बघा. फरक निघाला तर तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि ती पोच विहाराच्या फाईलला लावा. जय भीम.